मधातला लसूण: प्रकल्प नोंदी

९ डिसेंबर २०२४

रोज सकाळी कच्चा लसूण मधातून घेणारी घरं आता पुष्कळ झाली आहेत. आमच्या गटाकडे "मधात मुरवलेला लसूण बरणीत भरून मिळेल का" अशी विचारणा सारखी होते. विक्रीच्या यादीत ही बरणी घ्यायची की नाही, हे मार्चपर्यंत ठरवायचं आहे. पाहायच्या गोष्टी तीन. सोललेला लसूण पडल्यावर मधाचं काय होतं? लसणातलं जे हवं असतं ते (ॲलिसिन हे तिखट वासाचं द्रव्य) मुरल्यावर किती शिल्लक राहतं? आणि बरणी कुठल्या अवस्थेत धोक्याची ठरू शकते?

साहित्य: अर्धा लिटर मावेल अशा काचेच्या रुंद तोंडाच्या बरण्या, प्लास्टिकची झाकणं, एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, मधाचा रिफ्रॅक्टोमीटर (मधातलं पाणी मोजणारं यंत्र), पीएच म्हणजे आम्लता मोजणारा मीटर आणि त्याची ४ व ७ पीएचची बफर द्रावणं. पत्र्याची झाकणं घ्यायची नाहीत. मधाचं आम्ल आणि लसणातलं गंधक मिळून पत्रा काही आठवड्यांत काळा पाडतात.

१० डिसेंबर

मध तपासला. दोन प्रकार हाताशी होते: पेट्यांतल्या सातेरी मधमाश्यांचा, आणि प्रक्रिया करून भरलेला डब्यातला. रिफ्रॅक्टोमीटरवर सातेरीच्या मधात पाण्याचं प्रमाण २१.५ टक्के आलं, डब्यातल्यात १८.५. अन्न सुरक्षा मानकांची मर्यादा २० टक्के आहे. सह्याद्रीतल्या सातेरीच्या मधात ओलावा जास्त असतो, त्यात पोळ्याचे कप्पे मेणाने बंद होण्याआधी मध काढला की तो आणखी वाढतो. असा मध लसणाशिवायही आंबतो. मधातले साखर सोसणारे यीस्ट साधारण १९ टक्क्यांच्या पुढे हालचाल करू लागतात. प्रयोगाला डब्यातला घेतला.

वाचन घेताना काच आणि मध खोलीच्या तापमानाला हवेत. आज सकाळी खोलीत १७ अंश होतं. यंत्रात आपोआप तापमान-दुरुस्ती नसेल तर तक्ता लावूनच आकडा लिहावा. आणखी एक: हे यंत्र पाणी मोजतं, भेसळ पकडत नाही. साखरेचा पाक नीट आटवलेला असेल तर तोही छान १८ दाखवतो. पाण्यात थेंब टाकून बघणं, काडी मधात बुडवून पेटवणं, कागदावर डाग पाहणं या घरगुती चाचण्यांवर विसंबू नये. त्या घट्टपणा आणि ओलावा ओळखतात, अस्सलपणा नाही. मध ओळखीच्या मधपाळाकडून किंवा तपासणीच्या कागदासह घेणं हाच खरा मार्ग.

१२ डिसेंबर

लसूण गेल्या उन्हाळ्यातला, म्हणजे जुना. गड्डे कोरडे पण निम्म्या पाकळ्यांत कोंब धरलेला. कोंब विषारी नसतो, पण जिभेला कडवट लागतो. शिवाय कोंब फुटलेली पाकळी आतून मऊ पडलेली असते आणि मधात लवकर गळते. असे बाजूला काढून फोडणीला दिले.

सोलण्याची पद्धत ठरवली. पाकळ्या पाण्यात भिजवून सोलायच्या नाहीत. साल सुटते खरी, पण पाकळी पाणी पिते आणि ते सगळं पुढे मधात उतरतं. कोरड्या डब्यात घालून जोरात हलवल्या की बरीचशी टरफलं सुटतात, उरलेली नखाने काढायची. बुडखा मात्र प्रत्येक पाकळीचा सुरीने उडवायचा. माती तिथेच चिकटून असते आणि ज्या जंतूची खरी काळजी आहे (बॉट्युलिनम, पुढे येईलच) त्याचे बीजाणू मातीतच असतात. पाकळ्या स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली तीन तास.

पाकळ्यांचं वजन केलं. गावरान पाकळी १ ते दीड ग्रॅम, मंदसौरकडून येणाऱ्या मालाची २ ते ३, आणि उटी लसणाची ६ ग्रॅमच्याही वर. "रोज दोन पाकळ्या" हा सल्ला त्यामुळे निरुपयोगी आहे. कोणी दोन ग्रॅम खातो, कोणी बारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात ताज्या लसणाची दिवसाची मात्रा २ ते ५ ग्रॅम दिली आहे. पुढच्या सगळ्या नोंदी ग्रॅममध्येच असतील.

१३ डिसेंबर

लसणातलं पाणी काढलं: २० ग्रॅम पातळ चकत्या १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत. उरले ७.६ ग्रॅम, म्हणजे ६२ टक्के पाणी.

इथेच कागदावर सगळं कळून येतं. १०० ग्रॅम लसणात ६२ ग्रॅम पाणी. ३०० ग्रॅम मधात १८.५ टक्क्यांनी साडेपंचावन्न. दोन्ही समतोलाला आले की ४०० ग्रॅमच्या मिश्रणात सुमारे ११७ ग्रॅम पाणी, म्हणजे २९ टक्के. मध पाचपट घेतला तरी आकडा २५ च्या वरच राहतो. मध कितीही चांगला आणा, सोललेला ताजा लसूण त्यात बुडवला की तो मध टिकाऊ राहत नाही, आंबणारच. आंबू द्यायचं नसेल तर लसूण वाळवून घालावा लागेल, आणि मग तो कच्चा लसूण उरत नाही.

बरण्या भरल्या. पहिली: अख्ख्या पाकळ्या १०० ग्रॅम, मध ३०० ग्रॅम. दुसरी: तेच प्रमाण, पण प्रत्येक पाकळी बत्त्याने हलकी चेचलेली. तिसरी: अख्ख्या १००, मध ५००, थेट फ्रीजमध्ये. मध जड असल्याने ३०० ग्रॅम म्हणजे जेमतेम २१० मिली. पहिल्या दोन बरण्यांत वर तिसरा हिस्सा रिकामा राहतो आणि तो राहायलाच हवा. काठोकाठ भरलेली बरणी आंबताना झाकणाबाहेर येते.

१४ डिसेंबर

पाकळ्या तिन्ही बरण्यांत तरंगतात. दुसऱ्या बरणीत वरचा मध एका रात्रीत पाकासारखा सैल झाला. पहिलीत फक्त पाकळ्यांभोवती पातळ थर दिसतो. झाकण घट्ट लावून बरणी उलटी करायची, पुन्हा सुलटी करून झाकण अर्धा फेरा सैल सोडायचं. हे रोज. तरंगणाऱ्या पाकळीचा वरचा भाग मधाबाहेर राहिला तर बुरशी तिथूनच सुरू होते.

१८ डिसेंबर

ओलावा: पहिली २२, दुसरी २५. तिसरीत १९.५, थंडीने मध घट्ट असल्याने पाण्याची देवाणघेवाण संथ. लसणातले विरघळलेले घटकही काचेवर वाचले जातात, त्यामुळे हे आकडे दिशा दाखवण्यापुरते.

दुसऱ्या बरणीत काही पाकळ्या निळसर-हिरव्या. तक्रार येईल ती सर्वात आधी याचीच. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं आणि अमिनो आम्लं आम्लाच्या सान्निध्यात रंगद्रव्य बनवतात. लोणच्यातला लसूण हिरवा पडतो तोच प्रकार. थंडीत साठवलेल्या लसणात जास्त दिसतो. अपाय नाही. बुरशीचा निळा रंग पृष्ठभागावर लोकरीसारखा उठतो, हा पाकळीच्या आत असतो. फरक बोटाने पुसून कळतो.

२० डिसेंबर

पीएच. मध थेट मीटरला लावता येत नाही. १० ग्रॅम मध ७५ मिली ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून मोजायचा. मूळ मध ३.९. पहिल्या बरणीतला पातळ मध ४.२. तिथेच थांबलं तर सगळं ठीक वाटेल. पण पाकळी बाहेर काढून, धुऊन, ठेचून मोजली तर ५.१. ताजा लसूण ६ च्या जवळपास असतो. मध आत शिरायला वेळ घेतो, आणि आठवड्याच्या बरणीत पाकळीचा गाभा अजून लसूणच आहे, मधात मुरलेला नाही.

हे इतकं बारकाईने पाहायचं कारण क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जंतू. हवा नसलेली जागा, ४.६ च्या वरचा पीएच आणि भरपूर मोकळं पाणी मिळालं की त्याचे बीजाणू रुजून विष बनवतात. १९८५ मध्ये व्हँकुव्हरमध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा झाली. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात किंग्स्टनला पुन्हा तेच. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने तेलातल्या लसणात आम्ल घालणं सक्तीचं केलं.

मध तेलासारखा नाही, हेही तितकंच खरं. तेल पाणी ओढत नाही; मध ओढतो. जंतूला वापरता येणारं पाणी ज्या प्रमाणाने मोजतात ते शुद्ध पाण्यात १ धरतात. बॉट्युलिनमला किमान ०.९४ लागतं. चांगला मध ०.६ च्या आसपास असतो आणि आमच्या २९ टक्क्यांच्या मिश्रणाचा हिशोब पाऊणाच्या जवळ येतो. म्हणजे समतोल झाल्यावर मोठं अंतर आहे. धोका आहे तो समतोल होण्याआधी, आणि मध हात आखडून घातलेल्या बरणीत. मधात पाणी, लिंबाचा रस, आल्याचा रस घालून "पातळ" केलेल्या कृती म्हणूनच बाद. कोमट पाण्यात मध-लसूण ढवळून बाटली भरून ठेवणं तर अजिबात नको. विषाला वास नसतो, चव नसते; हुंगून निकाल देता येत नाही.

२ जानेवारी २०२५

थंडी कडक, पहाटे १० अंश. आंबण्याचे बुडबुडे जवळजवळ थांबले. पहिल्या बरणीच्या तळाशी मध साखरला. वरचा थर सैल आणि खालचा कणीदार असं झालं की दोन थरांत पाण्याचं प्रमाण वेगळं राहतं आणि वर आंबणं चालू राहतं. बरणी कोमट (४० अंशांच्या आतल्या) पाण्यात ठेवून ढवळून एकजीव केली. गॅसवर ठेवायची नाही.

११ जानेवारी

मुख्य प्रश्न: मुरलेल्या लसणात हवं ते उरतं का?

अख्ख्या पाकळीत ॲलिसिन नसतं. पाकळीच्या पेशींत ॲलीन एका कप्प्यात आणि ॲलिनेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्यात असतं. पाकळी फुटली की दोघं भेटतात आणि ॲलिसिन तयार होतं; तिखट वास त्याचा. हे द्रव्य १९४४ मध्ये कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी वेगळं केलं. एक ग्रॅम ताज्या ठेचलेल्या लसणातून साधारण अडीच ते साडेचार मिलीग्रॅम मिळतं. विकर नाजूक आहे: उष्णतेने मरतं आणि पीएच साडेतीनच्या खाली गेला की कायमचं बंद पडतं. म्हणूनच पाकळी अख्खी गिळणाऱ्याला जठरातल्या आम्लामुळे फारसं काही मिळत नाही.

बरणीला हे लावून पाहा. अख्ख्या पाकळ्या मुरवल्या तर ॲलिसिन बनतच नाही, आणि आम्लात आठवडेच्या आठवडे राहिलेलं विकर खाताना चावूनही पूर्वीसारखं काम करत नाही. चेचून मुरवल्या तर बनतं, पण खोलीच्या तापमानाला दिवसागणिक मोडत जातं आणि त्याची दुसरी गंधकद्रव्यं होतात. महिन्यानंतर पाकळी चवीला गोड, मऊ, बिनतिखट लागते. लोकांना ती आवडते ती याचसाठी. तिखटपणा गेला म्हणजे ॲलिसिन गेलं.

मुरलेला लसूण वाईट नाही. पदार्थ म्हणून उत्तम आहे. पण ज्या कामासाठी लोक तो मागतात ते काम ताजी ठेच करते, बरणी करत नाही. इथून पुढे प्रकल्पाचा भर ताज्या ठेचेवर.

१३ जानेवारी

ताज्या मात्रेची कृती, वेळ लावून:

सोललेला लसूण ३ ग्रॅम. खलबत्त्यात लगदा होईपर्यंत ठेचायचा. सुरीने कापलेल्या चकत्यांत बऱ्याच पेशी शाबूत राहतात. लगदा वाटीत पसरून १० मिनिटं तसाच. अगदी बारीक असेल तर रूपांतर मिनिटाभरातच बरंचसं उरकतं, पण घरच्या खलबत्त्यात काही भाग जाड राहतो, त्याला वेळ द्यायचा. नंतर मध एक सपाट चमचा (५ मिली, वजनाने ७ ग्रॅम). क्रम महत्त्वाचा: मध आधी घालून ठेचलं तर दाट, आम्लधर्मी मधात विकर मंदावतं.

चहात किंवा उकळत्या पाण्यात नाही. सोबत भाकरीचा तुकडा, मागून पाणी.

२० जानेवारी

ठेच घेणाऱ्यांकडून आलेल्या अडचणी एकत्र केल्या. पोटात आग आणि करपट ढेकर: जवळपास सगळे रिकाम्या पोटी घेत होते. रिकाम्या पोटाचा आग्रह सोडावा, त्याने गुण वाढतो असं काही नाही. न्याहारीच्या मधोमध घेतलं की बहुतेकांची आग थांबते. सुरुवात १ ग्रॅमने करून आठवड्याने वाढवावी. पोट फुगणं: लसणात फ्रुक्टन नावाची कर्बोदकं भरपूर असतात, नाजूक आतड्यांना ते पचत नाहीत. अशांनी हट्ट करू नये. जीभ चरचरणं: लगदा मधात पूर्ण घोळला नव्हता.

तोंडाचा वास दात घासून जात नाही. त्यातला ॲलिल मिथाइल सल्फाइड रक्तातून फुप्फुसांत येतो आणि श्वासावाटे तासन्‌तास निघत राहतो. लसणासोबत कच्चं सफरचंद, पुदिना किंवा सायीचं दूध घेतल्याने कमी होतो. नंतर घेण्यापेक्षा सोबत घेतलेलं बरं.

कातडीवर लगदा बांधू नये. ताज्या लसणाने फोड येतात, लहान मुलांच्या त्वचेला भाजल्यासारख्या जखमा होतात.

२७ जानेवारी

माहितीपत्रकासाठी दाव्यांची छाननी. कोलेस्टेरॉल "साफ" करतो हे वाक्य काढलं. स्टॅनफर्डच्या गार्डनर यांच्या गटाने २००७ मध्ये १९२ जणांवर सहा महिने, आठवड्याचे सहा दिवस कच्चा लसूण, दोन प्रकारच्या गोळ्या आणि औषधविरहित गोळी अशी तुलना छापली. कच्च्या लसणाची मात्रा एका पाकळीएवढी, सुमारे ४ ग्रॅम. वाईट कोलेस्टेरॉल कोणत्याही गटात हललं नाही. उच्च रक्तदाब असलेल्यांत काही चाचण्यांत दाब थोडा उतरलेला दिसतो, पण त्या बहुतेक पूड किंवा जुनवलेल्या अर्काच्या आहेत, मधातल्या लसणाच्या नाहीत. सर्दीसाठीचा पुरावा मुख्यतः १४६ जणांच्या एकाच चाचणीवर उभा आहे. खोकल्याला मधाने आराम पडतो याला मात्र बरा आधार आहे.

पत्रकात एवढंच राहील: जेवणातला चांगला घटक, औषधाची जागा घेत नाही. गोळ्या बंद करून लसूण सुरू करणारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी हे ठळक छापायचं.

कोणी घेऊ नये, किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्यावं: रक्त गोठू न देणारी औषधं (वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची ॲस्पिरिन) चालू असलेले (लसूण रक्ताच्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, चिकटणं कमी करतो). शस्त्रक्रिया किंवा दात काढायचा असेल तर किमान सात दिवस आधी बंद. एचआयव्हीवरच्या सॅक्विनावीरची रक्तातली पातळी लसणाने घटते. मधुमेहींनी मध साखरेतच मोजावा: एका चमच्यात सुमारे पावणेसहा ग्रॅम साखर. त्यांना तीच ठेच दह्यात किंवा भाकरीवर चालते.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. चाटवण्यापुरताही नाही, बोटावरचा थेंबही नाही. मधातले बॉट्युलिनमचे बीजाणू मोठ्यांच्या आतड्यात सहसा रुजत नाहीत, बाळाच्या रुजू शकतात. घरोघरी बारशाआधीच मध चाटवतात, म्हणून हे पत्रकाच्या पहिल्या ओळीत.

१७ फेब्रुवारी

उकाडा सुरू, दुपारी खोलीत ३१. दुसरी बरणी पुन्हा फसफसली. झाकण उघडताना फेस काठापर्यंत. वास किंचित दारूचा, आंबट. पहिलीतल्या पाकळ्या तपकिरी, सुरकुतलेल्या आणि बुडालेल्या. बुडणं ही चांगली खूण: पाणी गेलं, साखर आत आली. पहिलीच्या पाकळीचा पीएच ४.३, म्हणजे गाभाही आता ४.६ च्या खाली. तिसरी (फ्रीजमधली) अजून ४.७. थंडीत आंबणं थांबतं पण मुरणंही थांबतं, तरीही ती फ्रीजबाहेर काढायची नाही.

बाजारात नवा लसूण आला. ओव्हनमध्ये पाणी ६७ टक्के निघालं. याच प्रमाणात बरणी भरली असती तर मिश्रण ३० टक्क्यांच्या पुढे गेलं असतं. नवा ओला लसूण बरणीला घेऊ नये. पाला सुकून मान बारीक होईपर्यंत सावलीत टांगलेलाच घ्यावा. ठेचेला मात्र नवाच चांगला, रसरशीत आणि बिनकोंबाचा.

२४ फेब्रुवारी

ठेच आठवड्याची एकदम करून ठेवता येईल का, अशी विचारणा आहे. मधात कालवून बाहेर ठेवायची नाही. ठेच ३-३ ग्रॅमच्या गोळ्यांत चपटी करून ताबडतोब गोठवली तर चालते. गोठलेली गोळी वाटीत पाच मिनिटं ठेवून मध घालायचा. तिखटपणा ताज्याहून कमी, पण बरणीतल्या पाकळीहून कितीतरी जास्त. तेलात ठेवायची असेल तर फ्रीजमध्ये चार दिवसांपलीकडे नाही.

६ मार्च

निर्णय. बरणी विक्रीला नाही. घरात एक माणूस रोज उलटवतो, झाकण सैल करतो आणि बुरशी पाहतो, तोवर ती ठीक. दुकानाच्या फळीवर, मे महिन्याच्या उकाड्यात, घट्ट झाकणात ती फुटू शकते, आणि प्रत्येक बरणीत पाकळीच्या गाभ्याचा पीएच मोजायची सोय गटाकडे नाही. त्याऐवजी विक्रीला जाईल: २५० ग्रॅम मधाची बाटली (ओलावा १९ टक्क्यांच्या आत असेल तरच भरायची), पाव किलो सावलीत सुकवलेला गड्ड्यांचा लसूण, ५ मिलीचा चमचा आणि पत्रक. २५० ग्रॅम मध रोज एक चमचा धरला तर पाच आठवडे पुरतो.

पहिल्या बरणीतला मध स्वयंपाकात: चिंचेच्या चटणीत गुळाऐवजी दोन चमचे, किंवा पनीर भाजताना शेवटच्या मिनिटाला वरून. आधी घातला तर करपतो. दुसरी बरणी फेसामुळे टाकून दिली. तिसरी फ्रीजमध्ये, पुढचं मोजमाप १५ एप्रिलला.